फॉन्ट बारा, मग अक्षर बारीक काहून?

मागच्या अंकात लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवरच्या मजकुराबद्दल लिहिलं होतं, की शब्द कमी ठेवा आणि नावं नीट तपासा. त्यावर जे प्रश्न आले ते मजकुराचे कमी आणि अक्षरांचेच जास्त. पॉइंट काय, फॉन्ट काय, ओळी एकमेकीवर का चढतात, मोबाईलवर चौकोन का दिसतात वगैरे. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आपला नाही दिसला तर रागावू नका.

मुलीची पत्रिका गांधीबागेत छापायला दिली, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. ऑपरेटर म्हणते दोन्हीकडं बारा पॉइंटच आहे. पण मराठी बाजू एवढी बारीक दिसून राहिली की घरच्या म्हाताऱ्या माणसांना वाचताच येत नाही. तो खोटं बोलते का? (एक आई, नंदनवन)

नाही ताई, तो खरंच बोलतोय आणि तुमचे डोळेही खरंच सांगतायत. कॉम्प्युटरवर ७२ पॉइंट म्हणजे १ इंच. त्या हिशोबानं १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा हिस्सा, यालाच पायका म्हणतात. गंमत अशी की हा सहावा हिस्सा अक्षराच्या उंचीचा नसतोच. पूर्वी छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची, खिळ्याच्या डोक्यावर उलटं अक्षर कोरलेलं असायचं आणि मोजला जायचा तो खिळ्याचा ठोकळा, वरचं अक्षर नाही. आता ठोकळा राहिला नाही पण मोजायची पद्धत तीच राहिली, फक्त ठोकळा दिसत नाही एवढंच.

आता त्या ठोकळ्यात कोणाला किती जागा लागते ते बघा. इंग्रजीत एच-एलची टांग वर जाते, जी-वायचं शेपूट खाली येतं, संपलं. आपल्याकडं शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि त्याच्याही वर अनुस्वार, खाली उकार, ऋकार, शिवाय द्ध, ट्ट, ड्ढ यांसारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. 'मूर्तींना' हा एकच शब्द घ्या, त्यात खाली ऊकार आहे आणि वर रफार, वेलांटी, अनुस्वार अशी सगळी वरात आहे. हे सगळं त्याच ठोकळ्यात बसवायचं म्हणजे मधलं अक्षर लहान करण्यावाचून गत्यंतर नाही. किती लहान करायचं ते फॉन्ट बनवणारा ठरवतो, म्हणून दोन मराठी फॉन्टसुद्धा बाराच पॉइंटला वेगवेगळे मोठे दिसतात. इंग्रजीवाले यासाठी एक्स-हाइट बघतात, म्हणजे टांग आणि शेपूट सोडून छोट्या एक्सची उंची. आपण शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची बघायची.

तेव्हा ऑपरेटरला आकडा जुळवायला सांगू नका, डोळ्याला जुळवायला सांगा. बाराच्या इंग्रजीशेजारी मराठी बहुतेक वेळा चौदाच्या आसपास न्यावं लागतं, कधी त्याहून वर. आणि स्क्रीनवर बघून हो म्हणू नका, स्क्रीनवर झूम करून सगळंच मोठं दिसतं. खऱ्या मापात एक प्रिंट मागा आणि ज्यांना वाचता येत नाही म्हणता त्यांच्याच हातात द्या.

सोसायटीचं स्मरणिकेचं काम माझ्याकडं आहे. वर्डमध्ये सिंगल स्पेसिंग ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, फॉन्ट छोटा केला तरी तेच. (निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर)

सर, फॉन्ट छोटा करून उपयोग नाही कारण ओळींमधली जागापण त्याच प्रमाणात छोटी होते. तुम्हाला लीडिंग वाढवायचं आहे. एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंतचं अंतर म्हणजे लीडिंग. खिळ्यांच्या काळात दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या टाकायचे, नाव तिथूनच आलं, म्हणून जुने प्रेसवाले अजून लेडिंगच म्हणतात आणि तेच बरोबर आहे.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो लीडिंग साधारण अक्षराच्या मापाच्या १२० टक्के असतं, म्हणजे दहा पॉइंटला बारा. इंग्रजीला चालून जातं. मराठी मजकूर १४०-१५० टक्क्यांना कुठं मोकळा श्वास घेतो. ही माझी आवड म्हणा, पण तुम्ही स्वतः एक पान दोन्ही पद्धतीनं काढून बघा. वर्डमध्ये पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये लाइन स्पेसिंगला 'एक्झॅक्टली' निवडून ११ पॉइंटच्या अक्षराला १६ पॉइंट टाका. सगळ्या पानांवर एकच आकडा राहील हेही बघा. जाहिराती मिळाल्या नाहीत म्हणून शेवटच्या चार पानांवर ओळी ताणायच्या, हा प्रकार आपल्याकडच्या स्मरणिकांत फार दिसतो आणि लगेच ओळखू येतो.

आणि हो, मजकूर दोन्ही बाजूंनी कडेला चिकटवायचा, म्हणजे जस्टिफाय करायचा, तर कॉलम फार अरुंद ठेवू नका. मराठीत प्रत्यय लागून लागून शब्द लांब होतात, ते ओळीत मावत नाहीत आणि उरलेल्या शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. अरुंद कॉलम असेल तर डावीकडं सरळ आणि उजवीकडं मोकळं सोडलेलं बरं.

टाइपफेस आणि फॉन्ट एकच का? (कॉलेजची विद्यार्थिनी, धरमपेठ)

बोलताना एकच. काटेकोर बोलायचं तर टाइपफेस म्हणजे अक्षरांचं रूप, त्यांचं घराणं, आणि फॉन्ट म्हणजे त्यातला एक वापरायचा नग, आता ती एक फाइल असते. मुंबईच्या 'एक टाइप'नं बनवलेला 'मुक्ता' हा टाइपफेस, त्याची एकदम बारीकपासून एकदम जाडपर्यंत सात वजनं आहेत, त्यातलं 'मुक्ता बोल्ड' हा फॉन्ट. वजन म्हणजे वेट, रेघेची जाडी. परीक्षेत विचारलं तर फरक लिहा, प्रेसमध्ये गेल्यावर फॉन्टच म्हणा.

इतवारीत आमचं शाली आणि लुगड्यांचं जुनं दुकान आहे. नवीन पाटी बनवली तर वडील म्हणाले यातला ल आणि श हिंदी आहे. मला तर दोन्ही बरोबरच वाटतात. पेंटर म्हणतो कॉम्प्युटरमध्ये जसं आलं तसं कापलं. कोणाचं खरं? (दुकानदार, इतवारी)

वडिलांचं. आणि हा प्रश्न नागपुरातून यावा हे साहजिक आहे. आपलं शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होतं, पाट्या दोन्ही भाषांत रंगवल्या जायच्या, आजही एकाच रस्त्यावर दोन्ही वळणं दिसतात आणि बघणाऱ्याचा डोळा इतका सरावतो की फरकच कळत नाही.

हिंदी 'ल'ला उजव्या बाजूला उभा दंड असतो. मराठी 'ल'ला तो दंड नाही, त्याच्या दोन पाकळ्या उघडल्यासारख्या दिसतात. 'श'मध्ये फरक डाव्या भागात आहे, मराठीतला देठाचा. राज्य सरकारचा वर्णमालेचा निर्णय २००९ मध्ये निघाला, २०२२ मध्ये तो सुधारून परत काढला, त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची रूपं धरली आहेत. तुमच्या दुकानाच्या मालात दोन्ही अक्षरं आहेत, म्हणजे दुप्पट काळजी घ्या.

पेंटर कॉम्प्युटरवर ढकलतो तेही अगदीच खोटं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला एक नंबर देणाऱ्या पद्धतीत, 'ल' एकच आहे, हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा असा नंबर नाही. कॉम्प्युटर फक्त 'ल' हे अक्षर साठवतो, ते दिसायचं कसं हे फॉन्ट ठरवतो. याला कॅरेक्टर आणि ग्लिफ म्हणतात, कॅरेक्टर म्हणजे साठवलेलं अक्षर आणि ग्लिफ म्हणजे त्याचं प्रत्यक्ष चित्र. आता बरेच फॉन्ट देशभर खपावेत म्हणून बनतात, त्यात आधी हिंदी चित्र येतं. चांगल्या फॉन्टांत दोन्ही चित्रं असतात पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, तेव्हा मराठी रूप वर येतं. ते सांगायचा कंटाळा असेल तर सोपा उपाय आहे, 'टिरो देवनागरी' नावाचा फुकट फॉन्ट मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फाइलींत मिळतो, त्यातला मराठीचा घ्या. नाहीतर राज्य मराठी विकास संस्थेनं काढलेला 'यशोमुद्रा' बघा. पाटी धातूत कापायच्या आधी पेंटरकडून नुसता 'ल' आणि 'श' एका कागदावर मागा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र वडिलांना आवर्जून सांगा. उलट्या दिशेनंही खूप काही गेलेलं आहे. पूर्वी हिंदी-संस्कृत छपाईत अ, झ, ण यांची कलकत्ता वळणाची वेगळी रूपं चालायची, आज हिंदीवालेसुद्धा जी रूपं वापरतात ती मुंबई वळणाची आहेत. मुंबईच्या छापखान्यांचं अक्षर सगळीकडं पसरलं, त्यात जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा वाटा मोठा.

प्रेसवाल्यानं मजकूर तपासायला ईमेलवर पाठवला, माझ्याकडं उघडला तर सगळे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्याच्याकडं बरोबर दिसते म्हणतो. व्हायरस आहे का? (एक वाचक, मानेवाडा)

व्हायरस नाही भाऊ, जुना फॉन्ट आहे. युनिकोड सगळीकडं रुळायच्या आधी मराठी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं, श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजांवर चालायचं, अजूनही खूप प्रेसमध्ये चालतं कारण त्यांचा सगळा जुना माल त्यात आहे आणि हात बसलेला आहे. त्या फॉन्टांची करामत अशी होती की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, चित्र मात्र देवनागरीचं दिसायचं. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथं मराठी दिसतं, नाही तिथं उघडं पडतं. तपासायला मजकूर नका मागू, पीडीएफ मागा, त्यात फॉन्ट सोबत येतो. आणि मजकूर पुढं वेबसाइटवर वगैरे टाकायचा असेल तर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या पण नंतर एकदा पूर्ण वाचा, कन्व्हर्टर जोडाक्षरांत हमखास काहीतरी खातो.

याचाच भाऊबंद दुसरा प्रश्न, फोटोशॉपमध्ये युनिकोड पेस्ट केलं की 'कि'ची वेलांटी क च्या मागं जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करायचं, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर. ऱ्हस्व वेलांटी आपण उच्चारतो क नंतर आणि काढतो क च्या आधी, ही उलटापालट त्या सेटिंगशिवाय सॉफ्टवेअर करत नाही.

पत्रिकेत 'आचाऱ्यांचा' लिहिलं होतं, छापून आलं 'आचार्यांचा'. आणि 'ॲड.'च्या जागी चौकोन. दोन्ही एकाच दिवशी! (वकीलसाहेब, सिव्हिल लाइन्स)

वकीलसाहेब, आचाऱ्यांचा मान आणि आचार्यांचा मान यात पंगतीला फरक पडतो खरा. 'ऱ्या'मधला अर्धा र मराठीत रोज लागतो, दुसऱ्या, तुमच्याबरोबर येणाऱ्या, नोकऱ्या. तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकात साध्या र ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देऊन पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात, दुसऱ्यात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन हलन्त देतात. पहिल्या पद्धतीतलं न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्ट करताना किंवा कन्व्हर्टरमध्ये गळून जाऊ शकतं, ते गळलं की र उडी मारून पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. म्हणून दुसरी पद्धत धरा, ऱ, हलन्त, य.

ॲ ची गोष्ट वेगळी. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टांत त्याचं चित्रच नाही, आणि चित्र नसलं की चौकोन दिसतो. फॉन्ट बदला, तोच उपाय.

क्लासमध्ये सांगितलं की हेडिंगला ट्रॅकिंग दिलं की भारी दिसते. मी मराठी हेडिंगला दिलं तर सर ओरडले. (डीटीपी शिकणारा, सक्करदरा)

सर बरोबर ओरडले. ट्रॅकिंग म्हणजे ओळीतल्या सगळ्या अक्षरांमधलं अंतर एकसारखं कमी-जास्त करणं, कर्निंग म्हणजे एखाद्या जोडीतलंच. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना हलवता येतं. आपली अक्षरं शिरोरेषेला बांधलेली आहेत, अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटून 'दु का न' होतं, कमी केलं की रेघांवर रेघा चढतात. देवनागरीत ट्रॅकिंग शून्य, विषय संपला. हेडिंग मोकळं हवं असेल तर शब्दांमधली जागा वाढव, माप वाढव, आजूबाजूला पांढरं सोड.

तिरप्या इटॅलिकचंही तेच. पुस्तकाचं नाव इटॅलिक करायची रीत इंग्रजीची आहे, मराठीत बहुतेक फॉन्टांना खरं इटॅलिक नसतंच, कॉम्प्युटर आपला सरळ अक्षर ढकलून तिरपं करतो आणि वेलांट्या पडायला आल्यासारख्या दिसतात. नाव अवतरणचिन्हात टाक नाहीतर जाड कर, तेही फॉन्टाचं स्वतःचं बोल्ड असेल तरच.

देवनागरीत सेरिफ फॉन्ट कोणता चांगला? (चित्रकलेचा विद्यार्थी)

सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असलेले छोटे पाय, रोमन शिलालेखांतल्या अक्षरांनासुद्धा ते आहेत. देवनागरीत ते नाहीत, तेव्हा प्रश्न असा विचार की जाड-बारीक रेघांचा फरक जास्त असलेला फॉन्ट कोणता. आपली अक्षरं बोरूची आहेत. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं, हात जसा वळेल तशी रेघ कुठं जाड, कुठं बारीक होते. निर्णयसागरी वळणाच्या टाइपात हा फरक ठळक दिसतो, पुस्तकाच्या लांब मजकुराला मला तोच आवडतो. सगळीकडं रेघ सारखी जाड ठेवलेले फॉन्ट, म्हणजे 'पॉपिन्स' वगैरे, ते इंग्रजी सॅन्स सेरिफच्या, म्हणजे पाय नसलेल्या अक्षरांच्या जोडीला बसतात आणि मोबाईलवर छान दिसतात, पण दोनशे पानं वाचायला लावू नको कोणाला. इंग्रजी-मराठी एकत्र असेल तर जोडी अशीच लाव, जाड-बारीक फरकाला सेरिफ, सारख्या रेघेला सॅन्स.

महालातल्या जुन्या घरात आजोबांच्या छापखान्याच्या लाकडी पेट्या निघाल्या, खणच खण, शेकडो. एवढे खण कशाला लागत होते? मुळाक्षरं तर पन्नासच. (नातू, महाल)

इंग्रजी जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, मोठी, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं धरून दीडशेच्या आसपास खिळ्यांत भागायचं. मराठी जुळाऱ्याला चारशेच्या वर खिळे लागायचे. कारण नुसता 'क' पुरत नाही. अर्धा क, क्र, क्त, क्ष, रु वेगळा, श्र वेगळा, हृ वेगळा. अखंड पद्धतीत तर मात्रा-वेलांटीसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेलं असायचं, म्हणजे खिळे आणखी वाढले. दुसऱ्या पद्धतीत अक्षर मधल्या रांगेत, मात्रा वरच्या, उकार खालच्या, अशा तीन रांगा लावून एक ओळ व्हायची. खिळे कमी पण बसवायला कटकट. आणि हे सगळं उलटं वाचत, उभ्यानं. आजोबांचे हात कोणत्या खणाकडं जायचे ते त्यांना न बघता माहीत असणार.

याचा जाच नुसता जुळाऱ्यांना नव्हता. कळा दाबून ओळच्या ओळ शिशात ओतणाऱ्या लायनोटाइप मशीनला ९० कळा, त्यात मराठी बसवायची कशी? खुद्द लोकमान्य टिळक खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटीत होते. सावरकरांचं अि, अी, अु, अे हेही त्याच अडचणीवरचं औषध, एका 'अ'वर सगळ्या स्वरांची सोय केली की तेवढे खिळे वाचले. लोकांना ते रुचलं नाही. आज तीच गर्दी फॉन्टाच्या पोटात आहे. युनिकोडच्या मुख्य देवनागरी तक्त्यात जागा १२८, पण चांगल्या फॉन्टात चित्रं शेकड्यांनी असतात, कारण जोडाक्षरं तिथंच घडतात.

पेट्या भंगारात देऊ नका. खणांत खिळे असतील तर हात साबणानं धुवा, शिसं आहे ते, आणि लहान मुलांपासून लांब ठेवा.

गणपतीचा फ्लेक्स चौकात लागतो. अक्षर किती मोठं ठेवलं म्हणजे गाडीवरून वाचता येते? (मंडळाचा कार्यकर्ता, खामला)

बोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे, दर दहा फुटांमागं एक इंच उंचीचं अक्षर. साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. मोजताना वेलांटी-उकार सोडून मधल्या अक्षराची उंची धरा, ऑपरेटर सगळं धरून मोजेल आणि तुमचं अक्षर बारीक येईल. पिवळ्यावर लाल, त्याला पांढरी किनार, किनारीला काळी सावली असं करू नका, शिरोरेषा आणि वेलांट्या एकमेकीत चिकटतात आणि लांबून नुसता पट्टा दिसतो. एक गडद रंग, एक फिका रंग, बस. जागा पुरत नाही म्हणाल तर खालचे शुभेच्छुकांचे चाळीस फोटो दहावर आणा, बाप्पाचं नाव दुप्पट मोठं बसतं.